सतरा जबाब

फ्योर्डच्या या काठावर सतरा माणसांनी ते पाहिलं,
म्हणजे सतरा हेलिकॉप्टरं पडली.
मी एकाच्याच शोधात आलोय.

'पडलं' हा शब्द आपण आधी उच्चारायचा नाही.
विचारायचं, त्या वेळी तुम्ही काय करत होता?
मग हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसायचं,
कॉफी निवू द्यायची.

ऑडवार स्क्येल्विक, चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडलेला माणूस,
छातीठोक सांगतो: इंजिन खोकत होतं.
तो खोकला करूनही दाखवतो, दोनदा.
इंजिन आम्ही उघडलंय, ऑडवार.
तेल ल्यालेलं, निरोगी,
शेवटच्या क्षणापर्यंत इमानानं फिरत राहिलेलं.
हे मी त्याला सांगत नाही.
जाणकाराचा कान निम्मं आठवणीतलंच ऐकतो,
आणि याच्या आठवणीत सगळ्या बोटी.

तोर्ब्यर्ग चादरी वाळत घालत होती.
दोन स्फोट, ती म्हणते, एकामागोमाग.
मी तिच्या दोरीपाशी उभा राहतो,
समोरच्या कड्याकडे तोंड करून एक टाळी वाजवतो.
कडा ती परत करतो.
ती ओशाळते.
नाही, मी म्हणतो, तुम्ही खरंच दोन ऐकले.

आग आधी, की आपटणं आधी?
अकरा जण म्हणाले, आग.
आग दांडगी असते, रांग मोडून पुढे येऊन उभी राहते.
आवाज बिचारा किलोमीटरमागे तीन सेकंद उशिरा पोचतो,
आणि मन, साहेबाला भ्यालेल्या कारकुनासारखं,
सगळ्यांच्या नावापुढे एकच वेळ टाकून मोकळं होतं.

पाद्रीबाईंनी जे सांगितलं
ते शब्दन् शब्द सकाळच्या वर्तमानपत्रात होतं.
त्या खोटं बोलत नव्हत्या.
माझ्याआधी वर्तमानपत्र त्यांच्या दारी पोचलं, इतकंच.

तिरिल सात वर्षांची.
हिला काय विचारता, आई म्हणाली, ही तर झोक्यावर होती.
विचारलं. ती बोलली नाही.
अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हात पसरले
आणि फिरली.
डावीकडे, डावीकडे, डावीकडे,
गवतावर कोसळेपर्यंत.
मग पडल्या पडल्याच म्हणाली,
एक छोटा तुकडा त्याच्याबरोबर आलाच नाही.
तो सावकाश आला, मेपलच्या बीसारखा.
तिकडे.

तिकडे आम्ही शोधलंच नव्हतं.
दुसऱ्या दिवशी, चढावरच्या बर्चच्या रानात,
ब्लूबेरीच्या झुडपांत ते सापडलं:
शेपटीच्या पंख्याचं एक पातं, मुळाशी मोडलेलं.
मोडीची कड जुनी, काळपट,
फक्त शेवटचं बोटभर ताजं, लखलखीत.
कितीएक उड्डाणं ती चीर आत सरकत होती
दर वेळी केसभर.
तिला साक्षीदार नव्हता.

खरं तर इथेच वही मिटता आली असती.
पण यादीत एक नाव उरलं होतं,
यालमार, जेट्टीवर जाळी विणत बसणारा.
मी काही पाहिलं नाही, तो म्हणाला.
दर गुरुवारी तो पोरगा डोक्यावरून जायचा,
पलीकडच्या धरणावर माणसं पोचवायला.
मी हात करायचो.
तोही यंत्र जरा डोलवायचा, ओळख दिल्यासारखं.
त्या दिवशी जरा जास्तच डोलवलं.
मी हसलो. जाळ्यात मान घातली.
मग आवाज.

किती वाजले होते?
फेरी नुकतीच सुटली होती.
फेरीच्या नोंदवहीत वेळ होती.
मी लिहिलं: साक्षीदार सतरा. पहिलं डोलणं जेट्टीच्या वर,
दहा वाजून बेचाळीस मिनिटं.
त्याला वाचून दाखवलं.

त्यानं मान हलवली, सही केली,
पेन परत देताना म्हणाला,
हसल्याचं राहिलं.